बारीकराव

समोरून येणारी बस बारीकरावांना दिसत नाही. ट्राम दिसत नाही, बायकोने बदललेले पडदे दिसत नाहीत. नॉटिंगहॅमच्या किल्ल्याबाहेर रॉबिन हूडचा पुतळा आहे, तो बघायला कुठून कुठून माणसं येतात. एकदा मी मुद्दाम बारीकरावांना त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. वरपासून खालपर्यंत नजर टाकून ते म्हणाले, "स्केल चुकलंय," आणि चालू लागले. मात्र बोटाच्या पेराएवढ्या शिपायाच्या कोटावर एक गुंडी नीट ओतली गेलेली नाही, हे त्यांना टेबलाच्या पलीकडून, चष्मा कपाळावर असताना दिसतं.

बारीकराव हे नाव आम्ही आमच्या घरात ठेवलेलं. खरं नाव सांगून उपयोग नाही, कारण या गावात गल्लीआड एक बारीकराव सापडतो. एकेकाळी नॉटिंगहॅम लेससाठी ओळखलं जाई. लेस गेली, बारीक कामाची खोड काही गेली नाही. १९७९ साली जवळच्या नेवार्कमध्ये सिटाडेल मिनिएचर्सचा कारखाना निघाला, १९८३ साली वॉरहॅमर हा खेळ आला, पुढे गेम्स वर्कशॉपने नॉटिंगहॅमात बस्तान बसवलं, आणि टेबलावर मांडून लढवायच्या शिपायांचा धंदा असा फोफावला की तिथे हात बसलेल्या लोकांनी आसपास आपापली दुकानं थाटली. या सगळ्या टापूला जाणकार 'लेड बेल्ट' म्हणतात. आता शिसं त्यात फारसं उरलेलं नाही. घातक म्हणून ते मागे पडलं आणि कथलाचे मिश्रधातू, राळ आणि मुख्यतः प्लास्टिक आलं. पण बारीकरावांच्या बोलण्यात शिपाई अजून 'शिशाचे'च असतात, जसं आमची आई स्टीलच्या ताटालाही 'पितळी' म्हणायची.

विमा कंपनीतून निवृत्त झालेले, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे हे गृहस्थ स्वभावाने इतके गरीब की घरात कोळी निघाला तर त्याला पेल्यात धरून बागेत सोडून येतात. आणि त्यांच्या मागच्या खोलीत रोमन आहेत, नेपोलियनचे आहेत, क्रॉमवेलचे आहेत, हिरव्या कातडीचे राक्षससुद्धा आहेत, सगळे एकमेकांच्या जिवावर उठलेले. याचं नवल वाटून मी एकदा विचारलं, तर त्यांनी एच. जी. वेल्सचं नाव काढलं. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घालून दिले आणि वर बजावलं की खऱ्या युद्धापेक्षा ही युद्धं बरी. "वर्षभरात खरं युद्ध लागलं," बारीकराव म्हणाले. "कुणी ऐकलंच नाही त्याचं." वेल्सचे शिपाई मात्र त्यांना पसंत नाहीत. कारखान्यातून रंगवून यायचे ते.

मुळात बारीकरावांचा युद्धाशी संबंध फार थोडा. सैन्य उभं करायचं म्हणून ते रंगवायला बसतात, पण सैन्य उभं राहत नाही. जिन्याखालच्या कपाटात न रंगवलेल्या शिपायांच्या पेट्या छतापर्यंत गेल्या आहेत. या छंदातल्या प्रत्येकाच्या घरात असा डोंगर असतो आणि तो कधी उतरत नाही, कारण एक पलटण रंगवून होईतो दोन पलटणी विकत घेतलेल्या असतात. बारीकरावांच्या गतीने तो डोंगर संपायला त्यांना किमान एकशे चाळीस वर्षं जगावं लागेल. त्यांच्या पत्नीने हे त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बघू."

त्यांच्या खोलीत मला पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो हात धुऊन. खिडकीपाशी टेबल, त्यावर दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश देणारा दिवा, आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची रांग. प्रत्येक बाटलीच्या बुचावर एकेक शिपाई चिकटवलेला. रंग होईपर्यंत शिपायाला बोट लावायचं नाही, बाटली धरून फिरवायचा. त्याआधी शिपायाला कोमट साबणाच्या पाण्यात आंघोळ, कारण साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेल अंगावर राहिलं तर रंग धरत नाही. मग साच्याच्या दोन भागांची शिवण अंगावर उमटलेली असते, ती कानशीने घासून काढायची. मग अस्तर. तेही नुसतं नाही. आधी सगळीकडून काळं, मग फक्त वरून पांढऱ्याचा फवारा, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना उजेड कुठे पडतो आणि सावली कुठे राहते ते आपोआप दिसतं. त्यावर रंगाचे दोन पातळ हात. एक जाड हात नाही. "दोन पातळ!" हे ते इतक्या वेळा म्हणतात की आमचा मुलगा पोळीवर तूप लावतानाही म्हणायला लागला.

मी विचारलं, सावली मुळात रंगवायचीच कशाला? दिवा आहे ना डोक्यावर. बारीकरावांना हा प्रश्न आवडला. एवढ्याशा वस्तूवर खरी सावली पडते ती फार पुसट, म्हणाले. कोटाची घडी केसाएवढी खोल असली तर उजेडाला ती कळतही नाही. म्हणून उजेडाचं काम रंगाऱ्याने करायचं. खोबणीत गडद, उंचवट्यावर फिकट, आणि अगदी कडेला त्याहून फिकट अशी रेघ. खोबणीसाठी पातळ तपकिरी रंगाची बाटली मिळते. तो रंग ओघळून आपला आपण घड्यांमध्ये जाऊन बसतो आणि नवशिक्याचं कामही बरं दिसू लागतं. या मंडळींत तिला थट्टेने 'बाटलीतली प्रतिभा' म्हणतात. बारीकराव ती वापरतात, पण कुणी आलं की बाटली इतर बाटल्यांच्या मागे सरकवतात.

या छंदात एक सर्वमान्य नियम आहे. शिपाई तीन फुटांवरून चांगला दिसला की झालं. चेहरा, निशाण आणि पायाखालची जमीन एवढं नीट करा, बाकी कुणी बघत नाही. नवीन पोरांना बारीकराव हा नियम आवर्जून सांगतात. स्वतः मात्र एका ढोलवाल्याच्या मागच्या पट्ट्याचं बक्कल तीन छटांत रंगवत बसले होते. रंगवून झाल्यावर त्या बक्कलावर पडशी चिकटवायची होती.

"म्हणजे हे दिसणार नाही?"

"नाही."

"मग?"

"मला माहीत आहे ना ते तिथे आहे."

यावर काय बोलणार? मी चहाचा कप उचलला, तर त्यांनी घाईने माझा हात धरला. तो ब्रश धुवायचा कप होता. त्यांच्या टेबलावर सारखे दिसणारे दोन कप असतात आणि गेल्या तीस वर्षांत त्यातल्या दोन्हींतलं पाणी त्यांच्या पोटात गेलेलं आहे.

ब्रशबद्दल बोलायचं तर आवाज खाली आणावा लागतो. बारीकरावांचा ब्रश विन्सर अँड न्यूटनचा, 'सिरीज सेव्हन'. व्हिक्टोरिया राणीने १८६६ साली आपल्या आवडीच्या सात नंबरात सगळ्यात उत्तम ब्रश करा असा हुकूम सोडला, म्हणून हे नाव, असं कंपनी सांगते. केस कोलिन्स्की सेबलचे. सेबल म्हणायचं, पण प्राणी सेबल नव्हे; सायबेरियातल्या एका मुंगुसासारख्या लांबट जनावराच्या शेपटीचे केस. नवखा माणूस दुकानात जाऊन शून्याला तीन शून्यं जोडलेला, पापणीएवढा ब्रश आणतो आणि फसतो. त्यात रंग मावतो थेंबाचा दहावा भाग, आणि तो चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो. बारीकराव सगळं एक नंबरच्या ब्रशने करतात. बारीक काम बारीक ब्रशने होत नाही, टोकदार ब्रशने होतं, हे त्यांचं मत, आणि मला ते पटतं. टोक आणायला ते ब्रश ओठांत धरून फिरवतात. कोणता रंग चवीला कसा लागतो हेही ते सांगू शकतात.

पण त्यांची खरी परीक्षा डोळ्यांची. डोळा रंगवायचा दिवस असला की शेजारी आम्हीसुद्धा भिंतीला खिळा ठोकत नाही. मी एकदा बघायला बसलो होतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवलेली, दोन्ही मनगटं एकमेकांना जुळवलेली, एका हातात बाटली, दुसऱ्यात ब्रश, म्हणजे थरथर झालीच तर दोन्ही हात बरोबर थरथरतात आणि हिशेब जमतो. आधी खोबणीत गडद तपकिरी. मग तिच्या आत मळकट पांढरा. पांढराशुभ्र नाही, त्याने माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. मग बुबुळ. बुबुळाचा ठिपका द्यायचा नाही, कारण ठिपका कधीच हव्या त्या जागी बसत नाही. भुवईपासून गालापर्यंत सरळ उभी रेघ ओढायची आणि वरचा-खालचा जादा भाग कातडीच्या रंगाने झाकून टाकायचा. बारीकरावांनी श्वास रोखला. रेघ ओढली. डावा डोळा असा जमला की शिपाई माझ्याकडे बघून काही विचारणार असं वाटलं. मग उजवा. उजवा नाकाकडे बघू लागला. बारीकरावांनी तो पुसून पुन्हा काढला, तेव्हा तो कानाकडे बघू लागला. दोन्हींची जोडी जमवायला डावा थोडा हलवला, तो बिघडला. संध्याकाळपर्यंत त्या बिचाऱ्याने दाही दिशा पाहिल्या. मी उठलो तेव्हा त्याला हेल्मेट खाली ओढलेलं दुसरं डोकं बसवायचा विचार चालू होता.

असे नापास झालेले शिपाई डेटॉलमध्ये जातात. होय, तेच तपकिरी डेटॉल. या देशात कित्येक वर्षं छंदिष्टांनी रंग उतरवायला तेच वापरलेलं आहे. रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी जुन्या दातघाशाने घासायचं, रंग साल निघावी तसा निघतो. फक्त डेटॉल पुसून काढायच्या आधी पाणी लावलं तर त्याचा असा चिकटा होतो की शिपाई आणि दातघाशा दोन्ही गेले. आमच्या घरात डेटॉलचा वास आला की कुणाला तरी लागलं असं समजतात. त्यांच्या घरात वास आला की कुठलीतरी पलटण परत भरतीला गेली.

बारीकरावांच्या अगदी उलट जातीचा एक इसम त्यांच्या क्लबात आहे. तो शिपायांना तीन रंग फासतो, चिमट्यात धरून तपकिरी वॉर्निशच्या डब्यात अख्खे बुडवतो, झटकून वाळत ठेवतो. त्यासाठी तयार डबे विकणारी डॅनिश कंपनीसुद्धा आहे. तीन फुटांवरून त्याचं सैन्य झकास दिसतं. बारीकराव त्याला इंग्रजीत जे म्हणतात ते छापता येणार नाही. आम्ही त्याला बुडव्या म्हणतो. बुडव्याची चार सैन्यं पुरी झाली आहेत आणि तो दर आठवड्याला लढतो. बारीकराव दर आठवड्याला आजारी असतात.

हवामानाचा अंदाज मात्र दोघंही सारख्याच भक्तीने ऐकतात. शेवटचा हात मॅट वॉर्निशच्या फवाऱ्याचा असतो आणि दमट हवेत फवारलं तर शिपायावर पांढरं धुकं धरतं. इंग्लंडात कोरडा दिवस म्हणजे सणच. तो उजाडला की एका दारातून बारीकराव पुठ्ठ्याच्या खोक्यात पलटण घेऊन अंगणात येतात आणि दुसऱ्या दारातून त्यांच्या पत्नी चादरी घेऊन. एकाच बाजूने वारा येतो. पुढचं आम्ही खिडकी लावून ऐकतो.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. बारीकराव.

"तुम्ही मराठी ना? शिंद्यांच्या गोलंदाजांच्या पागोट्यांचा रंग कोणता होता?"

मला काही सुचेना. त्यांनी मग बसून मला माझ्याच मुलखाची लढाई सांगितली. आसई, २३ सप्टेंबर १८०३. समोर दौलतराव शिंद्यांची कवायती पायदळं आणि शंभराच्या आसपास तोफा. इकडे आर्थर वेल्स्ली, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. वाटाडे म्हणत होते की कैलना नदीला उतार नाही. वेल्स्लीने नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि ताडलं की गावं अशी आहेत तर लोक येत-जात असणार, उतार असणारच. होता. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. वेल्स्लीच्या ७४व्या पलटणीची गळपट्टी पांढरी, ७८व्या पलटणीची फिक्कट पिवळसर, हे बारीकरावांना तोंडपाठ. अडलं होतं ते पागोट्यापाशी.

माझे मामा भोकरदनला असतात, आसईहून फार लांब नाही. केला फोन.

"पागोट्याचा रंग?" मामा म्हणाले. "अरे, दोनशे वर्षं झाली की त्याला. तू एवढ्या लांबून फोन केलास ते हे इचारायला? सोयाबीनला काय भाव चाललाय ते तरी इचार."

"मामा, इथे एकाला हवंय. चित्र रंगवायला."

"मग सांग त्याला, ज्याच्या घरी जे होतं ते त्यानं गुंडाळलं. सरकार का पागोटं देत होतं?"

मी हे जसंच्या तसं सांगितलं. बारीकराव बराच वेळ गप्प होते. सगळ्यांचं सारखं नसेल, ही शक्यता त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. मग चेहरा उजळला, कारण त्याचा अर्थ असा होता की प्रत्येक पागोट्याला वेगळा रंग, आणि प्रत्येक रंगाच्या तीन छटा. महिनाभर ते सुखात होते.

दिवाळीत आमच्या मुलाने मागच्या अंगणात किल्ला केला. इथली माती किल्ल्याच्या कामाची नाही आणि पाऊस दोनदा पडून गेला होता, तरी मावळे खरे होते, पुण्याच्या कुंभारवाड्यातून सामानात गुंडाळून आणलेले. किल्ल्याचं प्रमाण तुम्हाला ठाऊकच आहे. महाराज दरवाज्याहून उंच, मावळा बुरुजाहून उंच, आणि वाघ सगळ्यांहून मोठा. बारीकराव कुंपणावरून डोकावले तेव्हा आता 'स्केल' निघणार म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी भाला मोडलेला एक मावळा उचलला, परवानगी न विचारता घरात नेला, दिव्याखाली धरला, आणि परत येऊन विचारलं, "हे डोळे कुणी काढले?"

मी सांगितलं, कुणा एकाने असं नाही. असे शेकड्यांनी मावळे रांगेत मांडतात, रंगवणारा माणूस रांगेतून सरकत जातो, पांढरा टेकवतो, काळा टेकवतो, पुढचा. आमच्याकडे पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला वेगळा कारागीर असतो, पण मावळ्याला एवढं कोण करतो?

"एकाला किती वेळ?"

"तुम्हाला श्वास रोखायला लागतो तेवढा."

त्यांनी मावळा मागून घेतला. पुढचे आठ-दहा दिवस भिंतीपलीकडे विलक्षण शांतता होती, आणि मग डेटॉलचा असा घमघमाट सुटला की माझ्या बायकोने जाऊन विचारपूस केली. एका श्वासात डोळे काढायचा सराव चालला होता. अख्खा तोफखाना तिरळा झाला होता.

तरीही त्या वर्षी आसईची लढाई झाली. क्लबाने चर्चच्या मागचा हॉल शनिवारपुरता घेतला होता. बुडव्या वेल्स्ली झाला, त्याची गोरी पलटण ताजी वॉर्निश केलेली, चकाकत होती. मी मराठी म्हणून माझ्याकडे शिंद्यांचा तोफखाना आला, म्हणजे कागदोपत्री पोलमान नावाच्या हॅनोव्हरच्या जर्मनाची जागा. बारीकराव पंच. पंचाला लढावं लागत नाही आणि कोण कुठे बोट लावतं ते बघता येतं. बटाट्याच्या वेफर्सना हॉलमध्ये बंदी होती, ती त्यांनीच घातलेली. शिपाई उचलायचा तो पायाखालच्या चकतीला धरून, हे त्यांनी आम्हाला उभं करून सांगितलं, आणि पहिल्या तासात फासे पडले त्याहून जास्त वेळा ते "चकती!" असं ओरडले.

तोफांची रांग मांडताना एक गोलंदाज कमी भरला. तो अजून डेटॉलमध्ये होता. बारीकरावांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि त्या जागी भाला मोडलेला मावळा उभा केला. तोफेपेक्षा तिप्पट उंच.

बुडव्या म्हणाला, "हे काय आहे?"

"गोलंदाज."

"याच्या गुडघ्याला माझा घोडेस्वार लागतोय."

"डोळे बघ त्याचे," बारीकराव म्हणाले.

बुडव्याने डोळे बघितले नाहीत, नियमांचं पुस्तक काढलं. एवढ्या उंचीचा माणूस टेकडीआड लपलेला धरायचा की दिसलेला? त्याला गोळी लागायची शक्यता किती? उंची पायापासून डोळ्यापर्यंत मोजायची की टाळूपर्यंत? या शेवटच्या प्रश्नावर दुसऱ्या टेबलावरचे क्रॉमवेलवाले आपली लढाई सोडून आले, कारण २८ मिलिमीटरचा शिपाई मोजायचा कुठपर्यंत, हा यांच्यातला जुना तंटा आहे आणि त्यावरून काही जण एकमेकांशी बोलत नाहीत. फूटपट्ट्या निघाल्या. खऱ्या आसईचा निकाल एका दुपारीत लागला होता. आमच्याकडे दुपार टळून गेली तेव्हा वेल्स्ली नदी उतरून जेमतेम एक वीत पुढे आला होता, त्याची नवी कोरी ७४वी पलटण माझ्या तोफांनी पहिल्याच फैरीत लोळवली होती, आणि मी, ज्याला सकाळपर्यंत पोलमान कोण हे ठाऊक नव्हतं, तो खुर्चीवर चढून ओरडत होतो.

सहा वाजता हॉलचा रखवालदार किल्ल्या वाजवत आला. साडेसहाला झुंबा होता. अर्ध्या तासात दोन्ही सैन्यं, दोन नद्या आणि आसई गाव उचलायला हवं होतं. बुडव्याने आपले शिपाई चपलांच्या खोक्यात ओतले. बारीकराव एकेक गोलंदाज चकतीला धरून उचलत होते, पागोटं उजेडात फिरवून बघत होते, स्पंजात कोरलेल्या त्याच्या त्याच्या खाचेत निजवत होते. झुंबाच्या बायका दारात येऊन थांबल्या. मी घाई करायला म्हणून बारीकरावांपाशी गेलो आणि विचारलं, "मग जिंकलं कोण?"

मावळ्याच्या गालावरची धूळ ते एक नंबरच्या ब्रशने झाडत होते.

"काय जिंकलं?" ते म्हणाले.